समुद्र बंद करू नका, त्याची माहिती द्या

कोकण किनाऱ्याचा कारभार ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी, पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात शेती करतो आणि गावात एक छोटे किराणा दुकान चालवतो. गेल्या हिवाळ्यात घरातील मुलांना आणि माझ्या आईला समुद्र दाखवण्यासाठी आम्ही सारे एका दिवसासाठी कोकणात आलो होतो. त्या दिवशी जे पाहिले आणि सोसले त्याबद्दल हे पत्र आहे. किनारा कोणता आणि तो कोणत्या कार्यालयाच्या अखत्यारीत येतो हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एखाद्या कारकुनाला किंवा एखाद्या गावाच्या सरपंचाला जाब विचारून हा प्रश्न सुटणार नाही. आम्ही पाहिली तशी अवस्था अनेक किनाऱ्यांवर असल्याचे आमच्या भागातून जाऊन आलेली कितीतरी कुटुंबे सांगतात. सुट्टीच्या दिवसांत कुणी बुडाले की चार दिवस किनारा बंद होतो, एक नवा फलक लागतो, ‘पर्यटकांनी सूचनांकडे दुर्लक्ष केले’ असे निवेदन निघते आणि पुढच्या सुट्टीपर्यंत सगळे शांत होते. ज्या सूचनांकडे दुर्लक्ष केल्याचे सांगितले जाते त्या सूचना नेमक्या काय असतात, हे आता मी जवळून पाहिले आहे.

आम्हा देशावरच्या माणसांना समुद्राचे एवढे काय, असे आपल्याला वाटू शकेल. आमच्या माणगंगेचे पाणी भीमेत जाते, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून पार बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र नकाशावर आमच्या कितीतरी जवळ असला तरी मध्ये सह्याद्री उभा आहे, आणि तो ओलांडून समुद्र पाहायला जाण्याएवढी सवड आणि पैसा एकत्र जुळून यायला वर्षे जातात. महाराष्ट्राला सुमारे ७२० किलोमीटरचा सागरकिनारा लाभला आहे हे वाक्य आमच्या पिढ्यांनी शाळेत पाठ केले. माझ्या आईने साठी ओलांडल्यावर तो किनारा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. कराड, पाटण, कोयनानगर करत रात्रीच्या अंधारात कुंभार्ली घाट उतरायचा, सकाळी किनाऱ्यावर पोहोचायचे, बरोबर नेलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिथेच खायची आणि दिवस मावळायच्या आत परतीला लागायचे, अशीच आमच्याकडच्या बहुतेक कुटुंबांची सहल असते. एवढ्या माणसांचा मुक्कामाचा खर्च झेपत नाही आणि घरी जनावरांच्या धारा दुसऱ्या कुणावर किती वेळ सोपवणार, हाही प्रश्न असतो. म्हणून आमच्या वाट्याला येणारा समुद्र तेवढ्या काही तासांचाच असतो. त्या तासांत भरती कधी, ओहोटी कधी, कुठे उतरावे, कुठे उतरू नये हे शिकायला आम्हाला दुसरा दिवस मिळत नाही. किनाऱ्यावरचे गाव ज्या गोष्टी लहानपणापासून नकळत शिकते, त्या आम्हाला पोहोचल्यापोहोचल्या कुणीतरी सांगाव्या लागतात.

माझी सर्वांत धाकटी पुतणी पाण्याच्या कडेला उभी होती. लाट आली, परत फिरली आणि तिच्या टाचांखालची वाळू घेऊन गेली. जमीनच निघून चालली असे वाटून तिने माझा सदरा दोन्ही मुठींत घट्ट धरला, आणि पुढच्या लाटेला मात्र स्वतःहून पाय पुढे करून खदखदून हसली. थोरल्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतले, थुंकले आणि विचारले की एवढे पाणी असून जनावरांना पाजता येत नाही म्हणजे काय. उन्हाळ्यात टँकरपुढे हंडे-घागरींची रांग पाहत वाढलेल्या मुलाने हे विचारावे यात नवल नाही. खारेपणा कशामुळे येतो, वाफ होऊन तेच पाणी ढगात कसे जाते, हे शाळेत वाचलेले त्याला तिथे उभे राहून पुन्हा सांगता आले. त्या आनंदाची किंमत मी कमी लेखत नाही. तो मिळाला म्हणूनच बाकीच्या गोष्टी मनाला अधिक लागल्या.

आता तक्रारी. सर्वांत गंभीर आहे ती भरती-ओहोटीच्या माहितीबद्दल. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी नुकतीच पूर्ण झाली होती आणि पुळण दूरवर उघडी पडली होती. किनाऱ्याच्या एका टोकाला एक ओढा समुद्राला मिळत होता आणि त्याच्या पलीकडे काळे कातळ होते. ओढ्यात घोट्याएवढे पाणी होते. माझा धाकटा भाऊ मुलांना घेऊन खेकडे आणि शिंपले पाहायला पलीकडे गेला. दीड-दोन तासांनी तेच पाणी माणसाच्या कमरेला लागू लागले. लाटा मोठ्या नव्हत्या, वारा नव्हता, आकाश निरभ्र होते. धोका वाटावा असे काहीही दिसत नव्हते, पाणी फक्त चढत होते. होडीच्या सावलीत जाळे दुरुस्त करत बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी ते पाहिले, मुलांना हाका मारून जागीच थांबायला सांगितले आणि स्वतः वाडीतल्या वाटेने वळसा घालून जाऊन सगळ्यांना सुखरूप आणले. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. आज तिथी कोणती, एवढेच विचारले. पंचमी होती. मग त्यांनी सांगितले की तिथीचा आकडा घेऊन त्याची पाऊणपट केली की थोडाफार फरक धरून पूर्ण भरतीची वेळ निघते. पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण होणार, तिच्या आधी सुमारे सहा तास ओहोटी पूर्ण झालेली असणार आणि तेव्हापासून पाणी चढतच राहणार. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाणी कमी चढते, हेही त्यांनी सांगितले.

आमच्या घरात पंचांग आहे. तिथी आम्हालाही कळते. त्या तिथीचा समुद्राशी असा रोकडा हिशेब आहे, एवढेच आम्हाला कुणी सांगितले नव्हते. कोळीवाड्यातील प्रत्येक घराला तोंडपाठ असलेला हा हिशेब किनाऱ्याच्या प्रवेशावर, जिथे आमच्याकडून गाडीची पावती फाडली जाते तिथे, एका काळ्या फळ्यावर रोज खडूने लिहायला किती खर्च येईल, याचे उत्तर आपण द्यावे. भरती-ओहोटीची वेळापत्रके वर्षभर आधी छापून तयार असतात, बंदरे आणि मच्छीमार त्यांवर काम करतात, मुंबईत पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी वर्तमानपत्रांत आधीच येते. माहिती नाही असे अजिबात नाही. ती पाहुण्यांपर्यंत पोहोचवणे हे कुणी आपले काम मानलेले नाही.

तिथे फलक होता, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पत्र्याच्या गंजलेल्या फलकावर लिहिले होते की समुद्रात उतरणे धोकादायक आहे आणि जीवितहानी झाल्यास प्रशासन जबाबदार राहणार नाही. त्याच्याखाली शेकडो माणसे पाण्यात उतरत होती, त्यांना तिथे आणणाऱ्या वाहनांकडून शुल्क घेतले जात होते, बाजूला पाण्यातल्या खेळांची तिकिटे विकली जात होती. सगळेच धोकादायक आहे असे सांगणारा फलक खरा धोका कुठे आहे ते सांगत नाही. तो फक्त लावणाऱ्याला मोकळा करतो. आमच्याकडे उघड्या विहिरीवर नुसते ‘सावधान’ लिहून कुणी थांबत नाही, काठाला कठडा बांधतात.

खरा धोका कुठे असतो हे मी परत आल्यावर वाचले, जाणकारांना विचारले, आणि ते आमच्या भागातील प्रत्येक पालकाला कळावे म्हणून इथे लिहितो. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी साचून राहत नाही. ते परत समुद्राकडे जाते आणि अनेकदा एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने जाते, हीच समुद्राची ओढ. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, फेस कमी दिसतो, पाणी गडद आणि शांत वाटते. ज्याने समुद्र पूर्वी पाहिलेला नाही तो लेकरांना घेऊन नेमका त्या शांत दिसणाऱ्या जागी उतरतो. आमच्या गावातली पोरे विहिरीत पोहायला शिकतात आणि चांगली पोहतात. विहिरीत दमले की काठ हाताच्या अंतरावर असतो, म्हणून ओढीत सापडलेला विहिरीतला पोहणारा सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि प्रवाहाशी झगडून थकतो. अशा वेळी अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि ताकद असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर पडावे, असे जाणकार सांगतात. हे चार वाक्यांत आणि एका चित्रात मावणारे ज्ञान आहे. ते त्या गंजलेल्या फलकावर असते तर तो फलक कामाचा ठरला असता.

हे न सांगण्याची किंमत या किनाऱ्याने वारंवार मोजली आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१७ मध्ये, मालवणजवळ वायरी येथे बेळगावहून महाविद्यालयाच्या सहलीला आलेले ८ जण गेले. मुरूडच्या दुर्घटनेनंतर शिक्षण विभागाने सहलींसाठी कडक सूचना काढल्या आणि समुद्रकिनारे, नद्या, विहिरी, उंच डोंगर अशा ठिकाणी मुलांना नेऊ नये असे शाळांना बजावले. ज्या घरांतील मुले गेली त्यांच्या दुःखापुढे मी काही बोलू इच्छित नाही, आणि त्या क्षणी तशा सूचना निघणे समजण्यासारखे होते. पण त्यांचा भार कुणावर पडला हेही पाहिले पाहिजे. ज्यांच्या घरी गाडी आहे ती मुले आईवडिलांबरोबर समुद्रावर जातच आहेत. शालेय सहलीला एसटी निम्म्या भाड्यात मिळते, आणि त्या लाल गाडीतूनच समुद्र पाहण्याची आशा असलेली ऊसतोड मजुरांची, मेंढपाळांची, शेतमजुरांची मुले मात्र घाटाच्या अलीकडेच राहतात. शिक्षक त्यांना जबाबदारीच्या भीतीने नेत नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. किनाऱ्यावर प्रशिक्षित माणूस नाही, उतरण्याची सुरक्षित जागा आखलेली नाही, वेळापत्रक नाही, अशा ठिकाणी पन्नास मुलांना न्यायला कोणता शिक्षक धजेल? किनारा सुरक्षित करण्याचे काम आपले होते. ते न करता मुलांनाच किनाऱ्यापासून दूर ठेवले गेले, आणि मोठी होऊन मित्रांबरोबर पहिल्यांदा समुद्रावर येणारी हीच मुले त्याच्याविषयी काहीही न शिकता त्यात उतरतात.

दुसरी तक्रार बायकांच्या वतीने आहे आणि ती मांडताना मला संकोच वाटत नाही, वाटायला हवा तो व्यवस्थेला. प्रवेशाच्या पावतीवर स्वच्छता शुल्क असे छापलेले होते. स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली कुणाकडे आहे हे पावती फाडणाऱ्या मुलाला माहीत नव्हते. कपडे बदलायला आडोसा नव्हता. माझी आई ओल्या नऊवारीत तासभर बसून राहिली. दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी जीपच्या मागे कपडे बदलले, त्यांच्या आयांनी दोन्ही बाजूंनी चादर धरली, आणि तेवढ्यात शेजारी येऊन थांबलेल्या गाडीतले लोक मान वळवायला तयार नव्हते. रात्रीपासून प्रवासात असलेल्या बायका दुपारपर्यंत पाणी प्यायचे टाळत होत्या. सुरुबनात जा, असा सल्ला आम्हाला मिळाला. आम्ही पैसे दिले होते, आणि दिले नसते तरी एवढी सोय मागण्याचा हक्क होता.

वाहनांबद्दल थोडक्यात लिहितो. पुळणीवर गाड्या आणू नयेत असा नियम सांगितला जातो आणि तरी गाड्या लाटांच्या कडेने वेगाने पळवल्या जातात. लहान मूल समुद्राकडे पाहत असते, त्याला मागून येणारी गाडी दिसत नाही आणि लाटांच्या आवाजात ऐकूही येत नाही. शिवाय वेळास, आंजर्ले यांसारख्या गावांनी ज्या कासवांची घरटी इतक्या कष्टाने जपली, ती कासवे याच वाळूत हिवाळ्यात अंडी घालतात. गाड्या पळवणारे बहुतेक आमच्यासारखेच बाहेरून आलेले असतात, दारू पिऊन बाटल्या वाळूत फोडणारेही बाहेरचेच असतात, आणि त्यांच्यामुळे स्थानिकांना होणारा त्रास खरा आहे. त्यांच्यावर जरूर कारवाई करा, दंड करा, गाड्या जप्त करा. पण त्यांच्या वागण्याकडे बोट दाखवून बाकीच्या कुटुंबांची व्यवस्था टाळता येणार नाही.

जीवरक्षक म्हणून दोन तरुण तिथे होते, हेही लिहिले पाहिजे. त्यांच्या गळ्यात शिट्ट्या होत्या आणि दोघांत मिळून एक तरंगते कडे होते. एवढ्या लांब किनाऱ्यावर दोघांनी किती धावायचे? त्यांच्याशी बोललो तेव्हा कळले की काम हंगामापुरते आहे, मानधन वेळेवर येत नाही आणि विमा नाही. जो दुसऱ्याच्या लेकरासाठी ओढीत उडी घेणार, त्याच्या स्वतःच्या लेकरांची हमी कुणी घेतलेली नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली.

हे सारे अशक्य आहे असे कृपया सांगू नका. शेजारच्या गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षकांची व्यवस्था आहे आणि पोहण्याची जागा झेंड्यांनी आखून दिलेली दिसते. आपल्या राज्यातही काम झालेले आहे. २०२० मध्ये देशातील आठ किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन जाहीर झाले तेव्हा त्यांत महाराष्ट्रातील एकही नव्हता. २०२५ मध्ये मात्र श्रीवर्धन, नागाव, पारनाका, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांना ते मिळाले. पाण्याची तपासणी, सुरक्षा, स्वच्छता, माहितीचे फलक या निकषांवर हे मानांकन दिले जाते. ज्यांनी हे काम केले त्यांचे मी मनापासून अभिनंदन करतो. मात्र आमच्यासारखी कुटुंबे मानांकन पाहून किनारा निवडत नाहीत. घाट उतरल्यावर जो जवळ पडेल, ज्या गावात कुणी ओळखीचे असेल, तिथे ती जातात. म्हणून या व्यवस्थेचा किमान भाग प्रत्येक वर्दळीच्या किनाऱ्याला मिळाला पाहिजे.

अडचण कुठे आहे याची मला थोडी कल्पना आली आहे. वाळू महसूल खात्याची, सुरुबन वन विभागाचे, पाण्यातले खेळ बंदर खात्याच्या परवान्याचे, बंदोबस्त पोलिसांचा, पावती ग्रामपंचायतीची आणि जाहिरात पर्यटन खात्याची, अशा वाटण्या असल्या की बुडणाऱ्या मुलाची जबाबदारी कुणाच्याच वाट्याला येत नाही. म्हणून पहिली मागणी हीच आहे की प्रत्येक वर्दळीच्या किनाऱ्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमावा आणि त्याचे पद व दूरध्वनी क्रमांक प्रवेशावर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि पाणी चढल्यावर तुटणाऱ्या जागा, म्हणजे ओढ्यांची तोंडे, कातळ, पायी जाता येणारे किल्ले, यांची सूचना रोज सकाळी मराठीत लावावी. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो, आणि परतीची वेळ चुकली की माणसे तिथेच अडकतात. अशा प्रत्येक ठिकाणी परतीची शेवटची वेळ लिहिलेली हवी. पाण्यात उतरण्याची जागा झेंडे लावून आखावी, ती त्या दिवसाच्या प्रवाहाप्रमाणे बदलावी, आणि ओढीतून बाहेर कसे पडावे याचे चित्र तिथे असावे. जीवरक्षकांना बारमाही वेतन, प्रशिक्षण, विमा आणि पुरेशी साधने मिळावीत, आणि ही कामे त्याच गावांतील कोळी तरुणांना प्राधान्याने द्यावीत, कारण त्या पाण्याचा स्वभाव त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नाही. गर्दीच्या दिवसांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किनाऱ्याजवळ उभी असावी. स्वच्छता शुल्क जिथे घेतले जाते तिथे स्वच्छतागृह आणि स्त्रियांसाठी कपडे बदलण्याची खोली दिवसभर उघडी असलीच पाहिजे, नसेल त्या दिवशी शुल्क घेऊ नये. पुळणीवर वाहने जाऊच शकणार नाहीत असे अडथळे उभारावेत. आणि एवढी व्यवस्था ज्या किनाऱ्यांवर झाली आहे त्यांची यादी शिक्षण विभागाला देऊन, तिथे शाळांच्या सहली जबाबदार देखरेखीखाली पुन्हा सुरू कराव्यात, सहलीपूर्वी वर्गात समुद्राचा एक धडा सक्तीचा करावा.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद असते, तेव्हा आम्ही येणार नाही आणि कुणी येऊ नये. त्या काळातली बंदी आम्हाला मान्य आहे. गणपतीनंतर समुद्र शांत होतो, दिवाळीच्या सुट्टीत गाड्या पुन्हा घाट उतरू लागतात. वर लिहिलेल्यांपैकी फळा, खडू आणि झेंडे एवढ्यांसाठी तरी निविदा, निधी किंवा मंत्रालयाची मंजुरी यांची वाट पाहण्याची गरज नाही. ते दिवाळीपूर्वी व्हावे. उरलेल्या मागण्यांवर आपण काय करणार आणि कधी करणार, हे जाहीरपणे कळवावे. माझ्या गावच्या शाळेतील शिक्षकांनी या पत्राची प्रत मागितली आहे. आपले उत्तर आले की सहलीचा प्रस्ताव पाठवायचा की नाही हे ते ठरवणार आहेत.

आपला,
एक पालक
माण तालुका, जिल्हा सातारा